घरच्या अभ्यासास, पत्रास कारण की…

पुणे,
डिसेंबरातला एक रविवार

प्रिय घरच्या अभ्यासा,

‘अनेक आशीर्वाद’ लिहायला घेतलं आणि हात अडला. तुला आशीर्वाद द्यावा की तुझा कान पिरगळावा, हे माझं अजून ठरत नाही. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. रोज संध्याकाळी पोरांच्या दप्तरातून तुला घरोघरी मीच पाठवत होते. आता उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसले आहे, आणि तू आलास की दचकते.

माझ्या लहानपणी तू नुसता ‘अभ्यास’ होतास. मी नोकरीला लागले तेव्हा ‘गृहपाठ’ झालास, मग ‘स्वाध्याय’, मग ‘उपक्रम’. नातीच्या शाळेत तुला ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. नावं बदललीस, पण यायची वेळ तीच. दिवेलागणीनंतर, घर दमल्यावर.

मागच्या रविवारी तर कमाल केलीस. रात्री साडेनऊला सुनेच्या फोनवर वर्दी आली की उद्या येताना ‘झाडाचे भाग’ दाखवणारी प्रतिकृती आणावी. नात दुसरीत आहे. ती तेव्हा कोचावर उताणी झोपली होती. मुलगा स्कूटर काढून कार्डशीटच्या शोधात गेला, सुनेनं कापलं, मी चिकटवलं, मुलानं वळणदार अक्षरात नावं घातली. अकराच्या सुमारास झाड उभं राहिलं. सकाळी डोळे चोळत नात म्हणाली, “हे कुणाचं?” शाळेत त्या झाडाला ‘छान’ मिळालं. आणि गॅलरीतल्या कुंडीत तिनंच काही आठवड्यांपूर्वी टाकलेली मेथी वीतभर वाढून उभी होती. एक रोप उपटलं असतं तर मूळ, खोड, पान, सगळं हातात आलं असतं. संध्याकाळी भाजीतही घालता आलं असतं.

खरं तर या वयाच्या मुलांकडे यायला तुला परवानगीच नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात साफ लिहिलंय की पहिली-दुसरीला गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याचे फार तर दोन तास. लहानग्यांना वर्गात विचारावं, काल संध्याकाळी काय केलंस, काय खेळलास, काय जेवलास, असंही त्यात आहे. सरकारी कागदात इतका शहाणा मजकूर फार क्वचित वाचला मी. त्याआधी, २०१८ साली, मद्रास उच्च न्यायालयानंही सीबीएसईच्या शाळांना पहिली-दुसरीसाठी तुला बंद करायला सांगितलं होतं. तू कुणाला दाद देतोस म्हणा.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझं सांगते. मीही ‘एक ते शंभर पाच वेळा लिहा’ देत असे. एकदा एका पोराची वही तपासायला घेतली. अंक रेखीव, एक चूक नाही. मग त्याला समोर बसवून लिहायला सांगितलं. पठ्ठ्यानं आधी वरून खाली दहा वेळा ‘३’ काढला, मग पुन्हा वर जाऊन प्रत्येकापुढे शून्यापासून नऊपर्यंत अंक जोडत आला. तीस ते एकोणचाळीस तयार! त्यात मोजणं कुठेच नव्हतं, नुसतं विणकाम होतं. पाच वेळा शंभर लिहून त्याच्या वाट्याला काय आलं असेल तर सुबक अक्षर.

त्याच्या घरी गेले. आई अंगणात ज्वारी मापत होती. मला बघून ओशाळली. “आमाला काय येतंय बाई, तुमीच बगा काय ते,” म्हणाली आणि शेर पोत्यात रिकामा करत राहिली. “लाभ… दोन… तीन…” धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, हे त्या पोराला पाठ होतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे त्याला आईच्या मांडीवर कळलेलं. मी वर्गात अर्धा आणि पाव शिकवायला कागदाच्या घड्या घालत होते, आणि त्याच्या घरात पितळेचा अर्धा नि पाव फळीवर ओळीनं मांडलेला होता. तरी ती बाई म्हणत होती, आम्हाला काय येतंय.

माझा तुझ्यावरचा राग इथे आहे, अभ्यासा. तू दारात आलास की घर अडाणी ठरतं. त्या आईला वाटलं आपल्याला काही येत नाही. माझी सून इंजिनिअर आहे, ती तुझी कारकून झाली. दोन्ही घरांत मूल बाजूला राहिलं.

पण तुझी दुसरी तऱ्हा मी पाहिली आहे, म्हणून तर हे पत्र.

आमच्याकडे दुधाचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. दूधवाला आला नाही त्या चौकोनात खाडा मांडायचा, महिनाअखेरी मोजायचं. नोव्हेंबरचं काम मी नातीकडे दिलं. रोज एक लिटर, तीस दिवस, तीन खाडे. तिनं बोटं मोजून बरोबर सांगितलं, सत्तावीस. कागदावर मात्र लिहिलं ७२. चिठ्ठी दूधवाल्याच्या हातात. तो हसून म्हणाला, “बाय, एवढं दूध पाहिजे तर म्हैसच आणून बांधतो दारात.” ती लाजली, आत आली, कॅलेंडरपुढे उभी राहिली. मग स्वतःच म्हणाली, “तीस दिवसांत बहात्तर कसे होतील?” लाल शाईनं शंभरदा गोल काढला असता तरी हा प्रश्न तिला पडला नसता.

यात तिची चूक थोडी आणि आपल्या भाषेची गंमत जास्त. सत्तावीस म्हणताना सात आधी कानावर येतो, वीस मागून. लिहिताना मात्र वीस आधी बसतो. कन्नडात ‘इप्पत्तेळु’, म्हणजे सरळ वीस-सात. म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात जुन्या नावांच्या जोडीला ‘वीस सात’, ‘साठ दोन’ अशी वाचनं आली. केवढा गहजब झाला! विधानसभेतही थट्टा झाली. जुनी नावं काढलेली नव्हती, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर ते परोपरीनं सांगत होत्या. मला ते पुस्तक पटलं होतं, आणि त्यापायी एका जुन्या मैत्रिणीशी महिनाभर अबोलाही झाला. तरी मला ‘एकोण’ही हवा आहे बरं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. हे कळलं की मूल पुढचे एकोण स्वतः घडवत जातं आणि शेवटी ‘एकोणशंभर’ म्हणतं. तिथे नव्याण्णव आडवा येतो. त्या चुकीला मी नेहमी पैकीच्या पैकी मार्क दिले.

हिवाळा आहे, रोज मटार सोलायचे असतात. शेंग फोडायच्या आधी अंदाज सांगायचा, आत किती दाणे. मग फोडायची, मोजायचे. पाटीवर खडूनं रेघा ओढायच्या, पाच दाण्यांची शेंग इकडे, सहाची इकडे, सातची इकडे. अर्ध्या किलोत कुठली रांग सर्वांत लांब झाली ते नुसतं बघूनही कळतं. बोटांना सोलण्याची मेहनत होते ती वेगळीच. पेन्सिल धरायला याहून चांगली तयारी मला माहीत नाही. तोंडात गेलेले दाणे वजा.

प्रवासात गावांच्या भेंड्या. शेवटचं अक्षर कानानं पकडायचं असतं, डोळ्यांनी नाही; वाचनाची खरी किल्ली तीच. आपल्याकडे इतकी गावं ‘पूर’वर संपतात की र पुरत नाही. रत्नागिरी, राजापूर, रावेर, रोहा, राहुरी झालं की भांडण सुरू. माझी नात ‘रविवार पेठ’ म्हणाली आणि जिंकली.

हे मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं यांच्यावर मोजणी. मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. आपल्याच राज्यात हे होऊन गेलं, तरी आपण कार्डशीट शोधत हिंडतो.

करोनात तुझी खरी परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि एका दिवसात तूच शाळा झालास. लहानांचे वर्ग तर जवळजवळ दोन वर्षं धड भरले नाहीत. घरात फोन एक, तो बापाबरोबर कामावर जायचा, रात्री आठला परतायचा. तोवर मूल पेंगलेलं. माझ्या निवृत्तीआधीचं ते शेवटचं वर्ष. तेव्हा आम्ही देवळाच्या ओट्यावर चार-चार पोरं लांब लांब बसवत होतो आणि घरी निरोप धाडत होतो: भाकरी करताना पोराला शेजारी बसवा, आज किती भाकरी, कोण किती खाणार, विचारा. सगळ्यांनी केलं असं नाही. पण ज्यांनी केलं त्या घरांतली मुलं शाळा उघडल्यावर बोलत होती. गप्प राहिलेली मुलं पाहिली की पोटात तुटायचं.

२०२२ पासून शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ उपक्रमात आयांचे गट बसू लागले. गल्लीतल्या आठ-दहा जणी ओट्यावर, हातात कार्ड, शेजारी पोरं, डाळ-तांदूळ वेगळे करणं चाललेलं. मी गावी गेले की मुद्दाम जाऊन बसते. तिथे तुला पाहिलं तेव्हा ओळखलंच नाही आधी. कुणी ओशाळत नव्हतं. एक बाई कार्ड बाजूला ठेवून म्हणाली, “ह्यापरास आमी सागरगोट्यानी मोजू,” आणि मोजू लागली.

सगळ्याच घरांत वेळ असतो असं मी म्हणत नाही. आई-बाप दोघं पाळीत कामाला, मूल शेजारच्या मावशींकडे, तिथे कोण मटार सोलत बसणार? अशा घरी तू गेलास तर दहा मिनिटांहून जास्त थांबू नकोस. त्या दहा मिनिटांत नुसतं विचार, आज काय काय झालं? आणि उत्तर पुरतं ऐकून घे, मधे शुद्धलेखन आणू नकोस.

ही तीन कामं तेवढी कर. आठनंतर येऊ नकोस. दुकानातून आणावं लागेल असं काही मागू नकोस. आणि कुणाच्याही दारात गेलास तर आधी आत डोकाव, त्या घरात काय मोजलं जातंय, काय बोललं जातंय, ते बघ. शिंप्याकडे टेप असेल, मासळीवालीकडे वाटे असतील.

बरं, थांबते. डिसेंबरच्या कॅलेंडरवर आत्ताच दोन खाडे पडलेत, आणि नातीनं दूधवाल्याला बजावून ठेवलंय की या वेळी चिठ्ठी नीट वाचून घे, मी दोनदा तपासणार आहे. आतून हाक येते आहे, शेंगा संपत आल्या म्हणून.

कळावे.

तुझी,
एक माजी बाई