चिखलदऱ्याची वळणे

आम्ही वऱ्हाडी माणसे सपाटीची. अकोल्याहून अमरावतीला निघावे, तर जवळजवळ शंभर किलोमीटरांत उंचवटा म्हणून दिसायचा तो एखाद्या पुलाचा, नाहीतर कापसाने फुगलेल्या गाडीचा. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती आणि दोरी धरून आखल्यासारखे रस्ते. अशा मुलखात मोटारसायकल शिकलेल्या माणसाला वाटते, आपल्याला गाडी चालवता येते. हा गैरसमज चिखलदऱ्याचा घाट अर्ध्या तासात दूर करतो. माझा त्याने १९७८ साली दूर केला. दुर्दैव एवढेच, की त्याची किंमत माझ्याऐवजी माझ्या धाकट्या भावाला मोजावी लागली.

त्याच भावाच्या मुलीने गेल्या वर्षी दसरा झाल्यावर जाहीर केले, “मी मोटारसायकलनं चिखलदऱ्याला जाणार.” आईने डोळे वटारले. भाऊ मात्र पेपरातून मान वर न करता म्हणाला, “जाऊ दे तिला. दादाला सोबत ने म्हणजे झालं.” पोरगी माझ्याकडे वळली. “चला मोठेबाबा, पण मागे बसायचं. चालवायला मागायची नाही.”

वयाच्या सत्तरीत पुतणीच्या मागे बसून घाट चढायचा, ही कल्पना मला फारशी मानवली नाही. त्यात तिने माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवले. मागे बसणाऱ्याला कशाला, असे मी म्हणून पाहिले. “कायद्यानं दोघांनाही लागतं, आणि डोकं दोघांनाही असतं,” असे उत्तर मिळाले. मी मुकाट्याने पट्टा आवळला.

अमरावती ते परतवाडा हा सुमारे पन्नास किलोमीटरांचा रस्ता आपल्या ओळखीचा. वलगाव गेले, आसेगावला पूर्णा ओलांडली. कपाशीची बोंडे फुटू लागली होती, आणि पुढे पुढे संत्र्याच्या बागा दिसू लागल्या. अचलपूर ही एके काळी वऱ्हाडची राजधानी. १४९० मध्ये इमादशाहीने येथून स्वतंत्र कारभार सुरू केला. शेजारचे परतवाडा वाढले ते इंग्रजांच्या छावणीमुळे. तेथे चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्याने गाडीकडे पाहिले, पोरीकडे पाहिले आणि मग मला विचारले, “घाट चढता काय बावाजी? हळू जाजा. येष्टी वळणावर सारा रस्ता घेते.”

चहाबरोबर फुकट मिळालेला हा सल्ला लाखमोलाचा होता. परतवाड्यापासून चिखलदरा तीसेक किलोमीटर, पण तेवढ्यात सुमारे सातशे मीटर चढायचे असतात. रेल्वेला असा चढ झेपत नाही. म्हणून जुन्या अकोला–खंडवा मीटरगेजवर धूळघाटापाशी रुळांनी स्वतःभोवतीच वेढा घालून सातपुडा चढला होता. रस्त्याला एवढी ऐसपैस जागा कोण देणार? तो डोंगराच्या अंगावर इकडून तिकडे जातो आणि टोकाला पोचला की बायकांच्या केसांतल्या आकड्यासारखा एकदम मागे वळतो.

अशा पहिल्या वळणापाशी पोचलो आणि पोरीने काय केले, ते मी मागून नीट पाहिले. वळण यायच्या आधीच, गाडी सरळ असताना तिने वेग उतरवला आणि गिअर खाली आणला. मग ब्रेक सोडून, डोके वळवून वळणाच्या पार पलीकडे नजर लावली. गाडी नजरेमागे अशी निघाली, जशी दावे धरलेली गाय निघावी. मी आयुष्यभर समोरच्या चाकाकडे किंवा दरीकडे बघत आलो. ती म्हणाली, “दरीकडे पाहिलं की गाडी दरीकडे जाते, मोठेबाबा. जिथं जायचं तिथंच बघायचं.” एखाद्या कीर्तनकारानेही याहून निराळे काय सांगितले असते?

आपण डावीकडून चालणारे लोक. त्यामुळे घाटातली डावी वळणे आपल्याला आतून, म्हणजे आखूड आणि उभी मिळतात. चढताना तेथे वरचा गिअर राहिला तर इंजिन दम सोडते आणि गाडी आडवी होते. वेग जास्त झाला तर आपण बाहेर फेकले जाऊन समोरच्याच्या वाटेत जातो. उजवी वळणे बाहेरून, म्हणून रुंद आणि सोपी वाटतात, फसवतात तीच. मधली रेघ कापून जवळचा रस्ता गाठायचा मोह होतो. कधी चाके रेघेच्या आत असतात, पण कललेल्या गाडीवरचे डोके रेघेपलीकडे गेलेले असते. समोरून ट्रक आला तर त्याला चाकांशी देणेघेणे नसते.

टपरीवाल्याची एस.टी. तिसऱ्या-चौथ्या वळणावर भेटलीच. पोरगी हॉर्न देऊन वळणाच्या अलीकडेच डाव्या कडेला थांबली. लांब गाडीची मागची चाके पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापतात. म्हणून ड्रायव्हरला तोंड पार बाहेरच्या कडेपर्यंत न्यावे लागते. त्या वेळी मधे शिरणाऱ्याला जागा उरत नाही. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, असा नियमच आहे. आम्ही चढत होतो, हक्क आमचा होता. पण हक्क आणि हाडे यांतले एकच राखायचे असेल तर शहाण्याने हाडे राखावीत.

वर चिखलदऱ्याला हवा गार होती. उंची सुमारे अकराशे मीटर. महाराष्ट्रात कॉफीचे मळे पाहायचे तर येथेच यावे लागते. भीमाने कीचकाला मारले ती दरी आणि ते भीमकुंड पाहिले. समोर गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला. मला मात्र त्या किल्ल्यापेक्षा परतीच्या उताराचीच काळजी लागली होती.

उतरताना एका उजव्या वळणाच्या आधी मी तिला थांबायला सांगितले. दगडी कठडा होता. तो तोच की नंतर बांधलेला, देव जाणे. जागा मात्र तीच.

“तुझ्या बाबांचा पाय इथं मोडला,” मी म्हणालो.

“माहीत आहे. गाडी घसरली होती ना?”

सत्तेचाळीस वर्षे घरात हेच सांगितले जात होते. “घसरली नव्हती,” मी म्हणालो. “पेट्रोल महाग झालं होतं. ते वाचवायला मी इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. तुझा बाप मागे बसला होता, सतरा वर्षांचा. मोठी शर्यत जिंकल्यासारखा मी ओरडत होतो.”

इंजिन चालू असून खालचा गिअर असता, तर उतारावर इंजिनानेच गाडी धरून ठेवली असती. मी सारा भार ब्रेकवर टाकला. ब्रेक दाबून दाबून ड्रम तापले, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते; उतारावर त्याहूनही जास्त. वळण आले तेव्हा माझ्या हातात काही उरले नव्हते. गाडी बाहेर, डाव्या कठड्यावर गेली आणि पाय सापडला तो मागच्याचा. एका ट्रकवाल्याने परतवाड्याला पोचवले. तेव्हापासून भाऊ थोडा लंगडतो.

पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, “बाबांनी कधी सांगितलं नाही.” तिने गाडी सुरू केली, दुसरा गिअर टाकला आणि इंजिनाच्या घुमण्यावर गाडी तोलत हलकेच खाली आणली. ब्रेक मधूनमधून, दोन्ही मिळून. सतत दाबून नाही. २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या नव्या गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचे झाले आहे, तसे तिच्याही गाडीला होते. त्यामुळे चाक जाम होत नाही, हे खरे. पण त्याने वळण काही सरळ होत नाही. सागाची ओली पाने आणि वळणाच्या आतल्या बाजूला साठलेली बारीक खडी चुकवीत आम्ही पायथ्याशी आलो, तेव्हा माझ्या मुठी दुखत होत्या. मी कशाला धरले होते, कोणास ठाऊक.

अमरावतीला पोचेपर्यंत दिवे लागले होते. भाऊ फाटकाशी उभा होता. किती वेळ उभा होता ते त्याने सांगितले नाही. पोरीने त्याला वाकून नमस्कार केला, जो ती एरवी दिवाळीलाही सांगितल्याशिवाय करीत नाही. त्याने आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले. काय बोलणे झाले असावे, ते त्याला कळले असावे.

“काय दादा,” तो हसून म्हणाला, “इंजिन चालू ठेवलं होतं ना?”