पश्चिमेचे दार

पूर्णा तालुक्यातील ताडकळस येथील त्या घराचे तोंड पश्चिमेला आहे. पूर्वी तेथे माळवद होते. दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि पुढे भक्कम फळ्यांचे दार. बाहेर रस्ता तापलेला असला तरी देवडीत दुपारची झोप निर्वेधपणे लागत असे. पण माळवदाला दर पावसाळ्यापूर्वी माती घालावी लागते. ते काम जाणणारी माणसे विरळ झाली, वाळवीने तुळया पोखरल्या, आणि त्याच जागेवर विटा-सिमेंटचे दुमजली घर उभे राहिले. तळमजल्यावर दर्शनी बाजूस दुकान झाले व दुकानाला आठ फूट रुंद, आठ फूट उंच असे पत्र्याचे शटर बसले.

पुढे दुकान दुसऱ्या जागी गेले. रिकाम्या जागेत चारचाकी आली, दोन दुचाकी आल्या, हंगामात तुरीची पोती आली. त्या जागेच्या मागे, एका चार इंची भिंतीपलीकडे, आजींची खोली. गुडघ्यांमुळे जिना चढणे बंद झाल्यापासून त्या खाली राहतात.

आजींचा सूर्यास्तानंतर पाणीही न घेण्याचा नियम आहे. तरुणपणी घेतलेला आणि आजवर न मोडलेला. मेच्या मध्यास या भागात सूर्य पावणेसातच्या थोडा पुढे मावळतो आणि सकाळी पावणेसहाच्या सुमारास उगवतो. म्हणजे सुमारे अकरा तास घसा कोरडा. थंडीत ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जाणे हे नवल राहिलेले नाही, आणि वृद्धापकाळी तहानेची जाणीवही मंदावते, घामही पुरेसा सुटत नाही. उष्माघाताची भीती वृद्धांना अधिक असते ती यामुळेच. त्यातून घरातील सायंभोजन सूर्यास्तापूर्वीचे. ज्या वेळी आजींनी शांतपणे जेवावे, पुरेसे पाणी घ्यावे, नेमक्या त्याच वेळी पश्चिमेचे शटर तव्यासारखे तापलेले असते. मागील उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यांना भोवळ आली. तेव्हा सुनेने भीतभीतच सुचविले, “सासूबाई, उन्हाळ्यापुरती तरी सूट घ्यावी. शास्त्रातही आजारपणाचा विचार आहेच ना.”

आजी म्हणाल्या, “अगं, खोली तापली ती माझ्या नियमाने नव्हे, त्या पत्र्याने. त्याचे काय ते बघा.”

मग घराने खरोखरच त्या पत्र्याकडे पाहिले.

या शटराच्या पट्ट्यांचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमाभिमुख उभ्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरवर सहाशे वॅटपर्यंत ऊन पडते. म्हणजे त्या शटरावर एका वेळी साडेतीन हजार वॅटच्या आसपास उष्णता ओतली जाते. घरातील तीन मोठ्या इस्त्र्या एकदम तापवून भिंतीला टेकवून ठेवाव्यात तशी. ती सगळी आत येत नाही हे खरे. पण तापलेला पत्रा आतल्या बाजूसही धग फेकत राहतो, आणि ती समोरची मधली भिंत शोषून घेते. रात्री नऊला त्या भिंतीवर हात ठेवला तरी ऊब लागे, त्याचे कारण हे. शिवाय बाहेरून आलेली गाडी आपले तापलेले इंजिन तशीच आत घेऊन येते. घरात ऊन सोसायला न सांगितलेली तीच एक. तिला आधी सावलीत जागा मिळते.

पुण्यात शिकणारा नातू उष्णतारोधक दारांची माहितीपत्रके घेऊन आला. थोरल्या काकांचा कल आहे तेच शटर ठेवून काहीतरी जुगाड करण्याकडे. दोघांचेही पूर्णपणे चुकले असे म्हणता येत नाही.

पहिला विचार सावलीचा झाला, आणि तो योग्यच होता. आत आलेली उष्णता काढण्यापेक्षा ती बाहेर अडवणे नेहमीच स्वस्त. परंतु दारावर सज्जा वाढवून पश्चिमेचे ऊन अडत नाही. सज्जा डोक्यावरचे ऊन अडवतो. चारनंतर सूर्य खाली उतरतो आणि किरणे सज्जाखालून सरळ दारावर येतात. तेथे कडुनिंबच हवा, किंवा उभा पडदा. घर रस्त्याला लागून असल्याने झाडाला जागा नव्हती. वाळ्याचा पडदा भिजवत ठेवावा, तर कोरड्या हवेत तो उत्तम गारवा देतो. पण २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस पाहिलेल्या मराठवाड्यात दिवसभर पडद्यावर पाणी ओतणे मनाला रुचत नाही.

दुसरा विचार रंगाचा. हे शटर गडद तांबड्या रंगाचे होते. गडद रंग अंगावर पडणाऱ्या उन्हाचा बहुतांश भाग गिळतो. पांढरा रंग बराचसा परतवतो. चकचकीत, न रंगविलेला जस्ताचा पत्रा थंड राहत असेल असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. तो ऊन परतवतो खरा, पण घेतलेली उष्णता सहज बाहेर टाकत नाही, म्हणून पांढऱ्या रंगाच्या पत्र्याहून अधिक तापतो. काकांनी एका रविवारी शटराला बाहेरून पांढरा रंग दिला. सगळ्या खटाटोपात सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त गुण याच कामाने दिला, हे नमूद करायला हवे. ज्यांना अधिक खर्च शक्य नाही त्यांनी येथेच थांबले तरी चालेल. मात्र ज्यांचे घर एकमजली आहे त्यांनी दारापूर्वी स्लॅबकडे पाहावे. मेच्या मध्यास या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो, आणि मग छतापुढे दाराचे ऊन किरकोळ ठरते. या घरात वर मजला होता, म्हणून दोष दाराकडे आला.

आतून थर्माकोल चिकटविण्याची काकांची कल्पना मात्र टिकली नाही. शटर वर जाताना नळीभोवती गुंडाळले जाते. चिकटविलेले तक्ते पहिल्याच दिवशी तुटून पडतील. आणि पेट्रोलची वाहने उभी असतात तेथे उघडा थर्माकोल ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण.

राहिले नातवाचे दार. त्यात दोन पातळ पत्र्यांमध्ये पफचा, म्हणजे घट्ट फेसाचा, चाळीस मिलिमीटरचा थर असतो. पोलाद पफपेक्षा सुमारे दोन हजार पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, एवढे सांगितले म्हणजे फरक कळतो. दाराचे आडवे भाग रुळांवरून वर सरकून छताला समांतर जाऊन बसतात, गुंडाळले जात नाहीत. माहितीपत्रकात जो रोधकतेचा आकडा ठळक छापलेला असतो, तो बहुधा भागाच्या मध्यावर मोजलेला असतो. सांधे, कडा आणि चौकट धरली की प्रत्यक्ष लाभ बराच कमी भरतो. तरीही तो साध्या पत्र्याच्या कितीतरी पुढे असतो. विकणाऱ्याला संपूर्ण बसविलेल्या दाराचा आकडा विचारावा. उत्तर देताना तो घुटमळला तर त्यावरूनही बरेच काही कळते.

अडचण निघाली ती ताडकळसच्या जमिनीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाची घरे तिच्याबरोबर थोडी थोडी हलतात. शटराला अर्ध्या इंचाचा तिरपेपणा चालतो. या दाराच्या खालच्या रबरी पट्टीला जमीन सपाट आणि चौकट काटकोनात लागते. नाहीतर फटीतून धूळ आणि झळा दोन्ही आत. मिस्त्रीने ओळंबा लावला तेव्हा एक बाजू कललेली निघाली. उंबरठ्याचा कोबा उकरून नव्याने करावा लागला. दार उचलणाऱ्या स्प्रिंगा साधारणतः दहा हजार उघड-झापेच्या हिशेबाने बनतात. दिवसातून चार वेळा उघडले तर सात वर्षांची निश्चिंती. त्या प्रचंड ताणाखाली असतात, त्यांना घरच्या माणसाने पाना लावू नये. वीज गेल्यावर दार हाताने उघडता यावे, हेही आधीच ठरवून घेतले.

आणखी एक गोष्ट नातवाच्या ध्यानात आली नव्हती. घरात कूलर आहे, आणि कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. दार घट्ट बसले आणि वाट बुजली की खोली गार होण्याऐवजी दमट होते. वाहनांच्या वाफाही कोंडू नयेत. म्हणून दाराच्या वरच्या भिंतीत जाळीचे दोन झरोके पाडले. रात्री बाहेरची हवा उतरली की तेच उघडायचे.

आजींनी एकच मागणी केली. जुन्या वाड्याच्या मोठ्या दाराला असे तशी दिंडी या दारालाही हवी. सगळे दार वर न सरकवता येणारा-जाणारा दिसावा, मंदिरात जाणाऱ्या बायकांना हाक मारता यावी. नातवाने हिशेब मांडला: दिंडीने खर्च वाढतो, तिच्या कडेने रोधकता घटते, चौकट जड होते. हिशेब बरोबर होता. दिंडी ठेवली गेली.

जुने शटर काढायचा दिवस अक्षय्य तृतीयेपूर्वीचा ठरला होता. मिस्त्री आला, शिडी लावली, आणि वरच्या गुंडाळपेटीचे झाकण उचलताच थांबला. आत गवत-काड्यांचे घरटे होते आणि त्यात चोची उघडून बसलेली चिमणीची तीन पिल्ले. काकांनी झाकण जसेच्या तसे ठेवायला सांगितले, मिस्त्रीला चहा दिला आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. तोवर शटर अर्धेच उघडायचे, अगदी सावकाश, असे घरातल्या मुलांना बजावण्यात आले.