चॉकलेट : खाऊ की आहार?

शब्दांनाही वतनदारी मिळते. एखादा परकी शब्द प्रथम वेशीबाहेर दबकत उभा राहतो, कोणी हाक मारली म्हणजे आत येतो, आणि पाहता पाहता साऱ्या गावावर हक्क सांगू लागतो. आमच्या आटपाडीत ‘चॉकलेट’ या शब्दाने असाच पराक्रम केला आहे. कागदात गुंडाळलेली कोणतीही गोड गोळी, मग ती लिंबाची असो, संत्र्याची असो किंवा नुसत्या साखरेची असो, येथे चॉकलेटच होय. आमच्या लहानपणी प्रभातफेरीनंतर शाळेत हातावर जी गोळी पडे, तिच्यात कोकोचा कणही नसे. तरी घरी येऊन आम्ही ‘चॉकलेट मिळाले’ असेच मोठ्या ऐटीने सांगत असू. नाशिक जिल्ह्यातील रावळगावी वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तेथे गोळ्या निघू लागल्या. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कित्येक मुलांचे पहिले ‘चॉकलेट’ ते हेच.

खरे चॉकलेट आमच्याकडे प्रथम आणले ते गलाईवाल्यांनी. खानापूर-आटपाडीकडची हजारो माणसे पावसाने दगा दिल्यामुळे घर सोडून गेली आणि सोनेचांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा करीत देशभर पांगली. कोणी बंगालात, कोणी तमिळनाडूत, कोणी केरळात. ही मंडळी यात्रेला गावी आली, म्हणजे त्यांच्या पेटीत मुलांसाठी चांदीच्या कागदातील वड्या असत. केरळात राहिलेल्या आमच्या एका आप्ताने कोकोचे झाडही पाहिले होते. त्यांच्याकडून आम्हांस प्रथम कळले की, हे फळ उंबरासारखे थेट खोडाला लागते, त्यात पांढऱ्या गोडसर गरात तीस-चाळीस बिया असतात, आणि ती बी दाताखाली धरली तर तोंड कडू जहर होते. ‘मग गोडी येते कोठून?’ असे आम्ही विचारले. हा प्रश्न त्या वेळी बाळबोध वाटला. पण चॉकलेटचा सारा इतिहास या एकाच प्रश्नाच्या उत्तरात सामावला आहे, असे आता वाटते.

हा इतिहास थोडक्यात असा. कोकोचे मूळ घर दक्षिण अमेरिका. एक्वादोर देशात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश आढळल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. पुढे माया आणि अझ्टेक लोक भाजलेल्या बियांची पूड पाण्यात घुसळून, कधी तीत मिरची घालून, फेसाळ कडवट पेय करीत. ते राजेरजवाड्यांचे आणि योद्ध्यांचे पेय होते. बियांचा उपयोग नाण्यांसारखाही होई. १५०२ साली होंडुरासच्या किनाऱ्यापाशी कोलंबसाला एका व्यापारी होडीत या बिया दिसल्या, आणि खाली सांडलेली एकेक बी लोक लगबगीने वेचून घेतात याचे त्याच्या मंडळींस नवल वाटले. स्पॅनिश लोकांनी हे पेय युरोपात नेले; तेथे त्यात साखर पडली. ही साखर कॅरिबियन बेटांवरील मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामातून येई. १७५३ साली लिनियसने या वृक्षाला जे शास्त्रीय नाव दिले त्याचा अर्थ ‘देवांचे अन्न’ असा होतो. देवांचा नैवेद्य कोणाच्या पाठीवरच्या आसुडातून सिद्ध होतो, हे पाहण्याचे काम वनस्पतिशास्त्राचे नव्हते.

एकोणिसाव्या शतकात या पेयाची वडी झाली. १८२८ साली हॉलंडातील व्हॅन हाउटेन यांनी बियांतील चरबी दाबून वेगळी काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. बीमध्ये जवळजवळ निम्मी चरबीच असते. तीच पुढे साखर व कोकोची पूड एकत्र बांधण्याच्या कामी आली. १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय यांनी खाण्याची वडी काढली. १८७५च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पेतर यांनी तीत दूध मिसळले. दर पायरीला पदार्थ अधिक मऊ, अधिक गोड आणि अधिक स्वस्त होत गेला, आणि त्यातला कोको मात्र कमी होत गेला. आमच्या बाळबोध प्रश्नाचे उत्तर हे असे. चॉकलेटची गोडी कोकोची नव्हेच. ती उसाची आणि बीटची.

हिंदुस्थानात कोकोचे झाड १७९८ सालीच तमिळ मुलखात कुर्ताळम येथे लावले गेले होते. पण ते दीड शतकाहून अधिक काळ उपेक्षितच राहिले. ज्या १९४८ साली औंध संस्थान, आणि त्याबरोबर त्याचा आटपाडी महाल, मुंबई प्रांतात विलीन झाला, त्याच वर्षी मुंबईत कॅडबरी कंपनीची हिंदी शाखा स्थापन झाली. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु संस्थानी प्रजेची नागरिक झालेली आमची वडील पिढी आणि चॉकलेट खाणारी आमची मुले यांच्यामधले अंतर मोजावयास हे वर्ष सोयीचे आहे.

आता पोषणाकडे वळू. कारण आज चॉकलेट नुसता खाऊ राहिलेले नाही. ते ‘शक्तिवर्धक’ होऊन घरात शिरू पाहत आहे. कोकोच्या बीमध्ये काही गुणकारी द्रव्ये आहेत यात संशय नाही. तिच्यात मॅग्नेशियम आहे, लोह आहे, आणि फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्ये रक्तवाहिन्यांस हितकर असल्याचा पुरावाही आहे. परंतु हे वर्णन कोकोचे. दुकानातल्या वडीचे नव्हे. २०२२ साली अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक वयस्कर स्त्रीपुरुषांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांना कोकोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या, चॉकलेट नव्हे. आणि तरीही हृदयविकाराच्या एकूण प्रसंगांत निश्चित म्हणता येईल अशी घट दिसली नाही. नेहमीच्या दुधाच्या चॉकलेटच्या शंभर ग्रॅममध्ये निम्मी किंवा त्याहून अधिक साखर, सुमारे तीस ग्रॅम चरबी आणि अवघी सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. स्वस्त मालात कोकोची चरबीही नसते. तिच्या जागी दुसरे वनस्पती-तेल असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, ती शक्य तर प्रौढाला दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम अशी. पन्नास ग्रॅमची एक वडी खाल्ली की तेवढी साखर पोटात गेलीच.

याच्या शेजारी आमच्या माणदेशाचा शेंगदाणा ठेवून पाहा. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. दोन भाग भाजलेले दाणे आणि एक भाग गूळ कुटून लाडू केला, तर शंभर ग्रॅम लाडवात सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने पडतात, म्हणजे चॉकलेटच्या दुप्पट, आणि साखर तीसच्या आत राहते. गुळाचे स्तोम आम्ही माजवीत नाही. गूळ हीही बहुतांशी साखरच होय. दाणे ओलसर जागी ठेवले तर त्यांवर विषारी बुरशी धरते, आणि अगदी लहान मुलाला अख्खे दाणे देणे धोक्याचे, हेही सांगितले पाहिजे. पण मौज अशी की, शेंगदाणाही मूळचा आपला नव्हे. तोही कोकोप्रमाणे दक्षिण अमेरिकेचा पाहुणा, पोर्तुगीजांच्या गलबतांच्या काळात इकडे आलेला. तो इतका आपला झाला की एकादशीच्या फराळात मानाने बसला. घरचा जोंधळा मात्र त्या दिवशी उंबऱ्याबाहेर! तेव्हा देशी-विदेशी हा वाद येथे फोल आहे. भेद आहे तो एवढाच की, एक पाहुणा शेतात उतरला आणि दुसरा दुकानात.

हा सगळा हिशेब आम्हांस कागदावर करावा लागला तो आमच्या शेजारच्या एका वहिनींमुळे. त्यांच्या दारी दोन गाई आहेत. पहाटेचे दूध कासंडीतून निघते ते थेट संकलन केंद्रावर जाते. आलेल्या पैशातून त्या दरमहा दुधात घालावयाच्या चॉकलेटी भुकटीचा एक डबा आणतात, आणि चहापुरत्या उरलेल्या दुधात पाणी वाढवून, त्यात दोन चमचे भुकटी ढवळून मुलाला देतात. एके दिवशी तो डबा घेऊन त्या आमच्याकडे आल्या.

“सर, ह्यानं पोरगं उंच हुईल न्हवं?”

आम्ही डब्यावरची बारीक अक्षरे वाचली. शंभर ग्रॅममध्ये साखर तीस ग्रॅमहून अधिक होती. ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग वरती पळणाऱ्या पोराचं चित्र का काढत्यात?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने अशा पेयांना ‘आरोग्यपेये’ या सदरात विकू नये असे ऑनलाइन विक्रेत्यांना कळविले, कारण तसा प्रकारच अन्नविषयक कायद्यात नाही. पण ते पत्र आमच्या वाडीपर्यंत पोचत नाही, चित्र पोचते. आम्ही दाण्याच्या लाडवाचे नाव काढले. वहिनी हसल्या. “ते तर आमी रोजच खातुय की. शाळंत पोरं डबा उघडून बघत्यात, सर.”

येथे आमचे प्रथिनांचे गणित थांबले. त्या माउलीला भूक कळत होती, मुलाचे हितही कळत होते; तिला भय होते ते मुलाला कोणी गरीब म्हणण्याचे. चांदीच्या कागदाची किंमत नेमकी हीच आहे. तो साखरेला प्रतिष्ठा देतो आणि दाण्याची प्रतिष्ठा काढून घेतो.

आणि ही एका घराची गोष्ट नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, आणि तो पिकविणाऱ्या कित्येक शेतकऱ्यांनी चॉकलेट कधी चाखलेले नसते. आमच्याकडे उत्तम डाळिंब पेटीत भरून परमुलखी जाते, तडकलेले घरात राहते. दूध केंद्रावर जाते, पाणी पेल्यात राहते. विकू नये असे कोणता पोटार्थी शेतकरी म्हणेल? कर्ज आहे, पेंड महाग आहे, मुलीचे लग्न आहे. परंतु सकस ते विकून त्याच पैशाने गोड ते विकत घेणे हा तोट्याचा व्यापार आहे, एवढे तरी ओळखले पाहिजे.

चॉकलेटवर आमचा राग नाही. वाढदिवसाला, यात्रेला, परीक्षेच्या निकालाला ते मुलाच्या हातावर अवश्य पडावे. आनंद हाही बालपणाचा एक जीवनसत्त्वच आहे. पण खाऊने खाऊच राहावे, आहाराची गादी बळकावू नये. वहिनींना आम्ही उपदेश केला नाही. एवढेच सुचविले की, केंद्रावर कासंडी नेण्यापूर्वी एक पेला दूध आधी घरात काढून ठेवावे, आणि डबा पुढच्या महिन्यात आणू नये. त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. महिन्याचे तीस पेले एकीकडे आणि डब्याची किंमत दुसरीकडे. हिशेब पुरता जुळला नाही; दुधाचे पारडे थोडे महागच निघाले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या ओट्यावर झाकून ठेवलेला पेला आम्ही पाहिला.