ठेका कुणाचा, नाव कुणाचे?

१/
रॉक संगीतातील थोर ड्रमवादक कोण, हा प्रश्न निघाला की ठरावीक नावे पुढे येतात : लेड झेपेलिनचे जॉन बॉनम, 'द हू'चे कीथ मून, क्रीमचे जिंजर बेकर, बीटल्सचे रिंगो स्टार, रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स. यांपैकी कुणाचेही स्थान उपरे नाही. मात्र या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ते नामांकित बँडचे सदस्य होते; छायाचित्रात होते, रेकॉर्डच्या वेष्टनावर होते. ज्यांच्या हातून रॉकचा ठेका मुळात घडला, त्यांपैकी बरेच वादक त्या छायाचित्राबाहेर राहिले. हा थ्रेड त्यांच्याविषयी आहे आणि त्यांची नावे कशी गळाली याविषयीही.

२/
आधी बॉनम यांचेच उदाहरण. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधील 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणे इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत ध्वनिमुद्रित झाले. ड्रम खालच्या दालनात मांडले होते आणि माइक वर जिन्यात टांगलेले होते. त्या दालनाचा घुमारा आजही ओळखू येतो. गाणे मूळचे १९२९ चे, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचे. लेड झेपेलिनच्या आवृत्तीच्या कर्त्यांमध्ये मिनीसोबत बँडच्या चारही सदस्यांची नावे आहेत. म्हणजे ड्रमवादकही कर्ता ठरला. १९८० मध्ये बॉनम गेले, तेव्हा उरलेल्या तिघांनी बँडच थांबवला. ड्रमवादकाला याहून मोठा मान क्वचितच मिळाला असेल.

३/
आता काळ थोडा मागे नेऊ. न्यू ऑर्लिन्स, रँपार्ट स्ट्रीटवरील कॉसिमो मटासा यांचा जे अँड एम स्टुडिओ. डिसेंबर १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो यांचे 'द फॅट मॅन' येथे ध्वनिमुद्रित झाले. ड्रमवर अर्ल पामर होते, वय २५. बालपणी आई आणि मावशीसोबत रंगमंचावर टॅप नृत्य करणारा हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला आणि परतल्यावर संगीतशाळेत शिकला. डिक्सीलँड जॅझमध्ये शेवटच्या आवर्तनात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोरकस आघात देण्याची रीत होती. पामर यांनी तो आघात गाण्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत वाजवला. आज ज्याला 'बॅकबीट' म्हणतात आणि ज्यावाचून रॉकची कल्पना करता येत नाही, तो हाच.

४/
सप्टेंबर १९५५ मध्ये याच स्टुडिओत लिटल रिचर्ड यांचे 'टुटी फ्रुटी' झाले. तोवरच्या ऱ्हिदम अँड ब्लूजचा ठेका झुलता असे : मात्रेचा पहिला भाग लांब, दुसरा आखूड. रिचर्ड यांचा उजवा हात मात्र पियानोवर प्रत्येक मात्रेचे दोन समान तुकडे करीत सरळ कोसळत होता. त्या हाताला साथ द्यायची तर झुलता ठेका सोडावा लागेल, हे पामर यांनी ओळखले. त्या काळात रिचर्ड यांना साथ करताना त्यांचा ठेका सरळ होत गेला. झुलत्या ठेक्याकडून सरळ ठेक्याकडे झालेला हा प्रवास म्हणजे रॉक अँड रोलच्या जन्मकथेतील एक निर्णायक पाऊल. रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचे नाव होते, गीतकारांची होती, कंपनीचे होते. ड्रमवादकाचे नव्हते.

५/
यामागे एक व्यवस्था होती. अमेरिकेत स्टुडिओतील वादक संघटनेच्या दराने काम करीत. तीन तासांचे एक सत्र, त्याची ठरलेली बिदागी. त्या तीन तासांत तीन-चार गाणी उरकत. बिदागी मिळाली की वादकाचा त्या गाण्याशी असलेला संबंध बहुतांशी संपला. पुढे ते किती खपते, यावर त्याचे उत्पन्न सहसा अवलंबून नसे. पामर १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला गेले आणि तेथील अत्यंत व्यग्र सत्रवादकांपैकी एक झाले. रिची व्हॅलेन्स यांच्या १९५८ च्या 'ला बांबा'वरही ड्रम त्यांचेच आहेत.

६/
त्याच शहरात हॅल ब्लेन होते. १९६३ मध्ये गोल्ड स्टार स्टुडिओत रॉनेट्सचे 'बी माय बेबी' झाले. त्याच्या आरंभीचे एकट्या ड्रमचे आघात पुढे असंख्य वादकांनी उचलले. एक आघात हुकला म्हणून तो ठेका तसा जमून आला, असे ब्लेन स्वतः सांगत. 'रेकॉर्ड ऑफ द इयर' हा ग्रॅमी पुरस्कार १९६६ ते १९७१ अशी सलग सहा वर्षे ज्या गाण्यांना मिळाला, त्या सहाही गाण्यांवर ब्लेन यांनी वाजवले आहे. पुरस्कार मात्र गायक आणि निर्माते यांचे. ब्लेन यांच्याजवळ एक रबरी शिक्का असे. जेथे वाजवले, तेथे नोटेशनच्या कागदावर ते आपल्या नावाचा शिक्का उमटवीत. वेष्टनावर नाव येणार नसेल, तर निदान कागदावर उरावे.

७/
नावे लपवण्यात केवळ निष्काळजीपणा नव्हता. साठच्या दशकात बँड म्हणजे एकत्र वाढलेले, एकत्र वाजवणारे मित्र, ही प्रतिमाच विकली जात होती. बर्ड्स या बँडच्या 'मिस्टर टँबोरिन मॅन'वर (१९६५) सदस्यांपैकी वाद्य वाजवले ते एकट्या रॉजर मॅग्विन यांनी, ड्रमवर ब्लेन. बीच बॉइजचे ड्रमवादक डेनिस विल्सन होते, पण 'पेट साउंड्स' (१९६६) या अल्बमवर बहुतेक ड्रमवादन ब्लेन यांचे. चाहता भिंतीवर एकाचे छायाचित्र लावी आणि कानांनी दुसऱ्याला ऐके.

८/
बीटल्सही याला अपवाद नाहीत. 'लव्ह मी डू' हे गाणे १९६२ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत तीन वेगवेगळ्या ड्रमवादकांसह ध्वनिमुद्रित झाले. ६ जूनला पीट बेस्ट, ४ सप्टेंबरला रिंगो स्टार आणि ११ सप्टेंबरला सत्रवादक अँडी व्हाइट. त्या तिसऱ्या दिवशी रिंगो यांच्या हाती टँबोरिन, म्हणजे आपल्या खंजिरीची पाश्चात्त्य बहीण, देण्यात आली. ५ ऑक्टोबरला निघालेल्या पहिल्या रेकॉर्डवर ४ सप्टेंबरचे वादन आहे, तर १९६३ च्या 'प्लीज प्लीज मी' अल्बमवर ११ सप्टेंबरचे. दोन्हींतला फरक कुणालाही तपासता येतो : खंजिरी ऐकू आली, तर ड्रमवर व्हाइट. इतिहासाचे साधन कधी कधी असे कानांनीच वाचावे लागते.

९/
डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत हा विसर अधिक खोल होता. घरवजा कचेरीतल्या लहानशा स्टुडिओत 'फंक ब्रदर्स' नावाने ओळखला जाणारा वादकांचा संच साठच्या दशकातील गाण्यांमागून गाणी घडवीत होता. ड्रमवर बेनी बेंजामिन आणि त्यांच्यासोबत रिचर्ड 'पिस्टल' अॅलन, युरिएल जोन्स. मोटाउनच्या अल्बमवर या वादकांची नावे ठळकपणे प्रथम आली ती मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, १९७१ मध्ये. बेंजामिन १९६९ मध्येच निवर्तले होते.

१०/
येथे कायद्याचा प्रश्न येतो. गाण्याची मालकी दोन प्रकारची : रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. रचना म्हणजे प्रथेने शब्द आणि चाल; ठेका हा 'वाजवण्याचा भाग' मानला गेला. ध्वनिमुद्रण सामान्यतः कंपनीच्या मालकीचे. आणि अमेरिकेच्या संघराज्यीय कॉपीराइट कायद्यात फेब्रुवारी १९७२ पर्यंत ध्वनिमुद्रणाला स्थानच नव्हते. या दोन्ही दारांतून ड्रमवादक बाहेर राहिला. चाल गुणगुणणारा निर्माता ठरला आणि त्या चालीला पाय देणारा मजूर. लेबल हे काम कुणी केले ते सांगत नाही. हक्क कुणाचा ते सांगते.

११/
या विभागणीची खरी किंमत सॅम्पलिंगच्या युगात दिसली. जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून त्यावर नवे गाणे रचणे, म्हणजे सॅम्पलिंग. चॅटनूगा शहरातील कारखाने आणि आगगाड्या यांच्या लयीत वाढलेले क्लाइड स्टबलफील्ड हे जेम्स ब्राउन यांच्या बँडमध्ये होते. २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीत 'फंकी ड्रमर' ध्वनिमुद्रित झाले. त्यात उरलेली वाद्ये थांबतात आणि काही सेकंद एकटा ड्रम चालतो. तो तुकडा पुढे हजाराहून अधिक गाण्यांत वापरला गेला. पब्लिक एनिमीचे 'फाइट द पॉवर' (१९८९) त्यांतलेच. रचनाकार म्हणून नाव ब्राउन यांचे. सॅम्पलच्या मोबदल्यात स्टबलफील्ड यांचा वाटा नव्हता. त्यांच्या आजारपणात उपचारांचे मोठे बिल गायक प्रिन्स यांनी गाजावाजा न करता भरले, हे प्रिन्स यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. २०१७ मध्ये स्टबलफील्ड गेले. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली.

१२/
विन्स्टन्स या बँडची कथा याहून करुण आहे. १९६९ च्या त्यांच्या रेकॉर्डची मागची बाजू भरण्यासाठी 'अमेन, ब्रदर' हे वाद्यसंगीत वाजवले गेले. त्यात ग्रेगरी कोलमन यांचे सुमारे सात सेकंदांचे एकल ड्रमवादन आहे. चार आवर्तने, बस्स. त्या चार आवर्तनांवर नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' या संपूर्ण शैली उभ्या राहिल्या. कोलमन २००६ मध्ये अटलांटात वारले; अखेरीस ते बेघर होते, असे बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांनी सांगितले. रचनेचे हक्क स्पेन्सर यांच्याकडे होते, तरी त्यांनाही या वापराचा मोबदला मिळाला नव्हता. २०१५ मध्ये ब्रिटनमधील चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड त्यांना दिले. कोलमन यांच्यापर्यंत मात्र काहीच पोहोचले नाही.

१३/
यावर एक रास्त आक्षेप आहे. या वादकांनी अटी ठाऊक असूनच काम घेतले. ब्लेन आणि पामर यांनी उत्तम कमाईही केली. हे खरे आहे, आणि सर्वांना एकाच दुःखाच्या दोरीत ओवणे हा इतिहासावर अन्याय होईल. पण पैसा आणि श्रेय या वेगळ्या गोष्टी आहेत. बिदागी चुकती झाली म्हणून कर्तृत्वाची नोंद करण्याचे कारण संपत नाही. आपल्या मैफलीत तबल्याच्या साथीला कोण आहे, हे निवेदक रसिकांना सांगतो. त्या वादकालाही बिदागी मिळतेच; तरीही नाव घेतले जाते.

१४/
मग ही नावे सापडली कुठून? बऱ्याच अंशी बिदागीच्याच कागदांतून. वादकांच्या संघटनेकडे प्रत्येक सत्राचा करारकागद जाई : तारीख, स्टुडिओ, वादकांची नावे, देय रक्कम. संशोधकांनी पुढे हेच कागद धुंडाळले. मंदिराच्या शिलालेखात दान देणाऱ्याचे नाव ठळक असते; पाथरवटाचा माग काढायचा तर जमाखर्चाच्या कागदांकडेच वळावे लागते. रॉक संगीताचे वेष्टन हा असाच शिलालेख आहे आणि संघटनेचा कागद ही त्याची कीर्द.

१५/
२००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदार वादकांसाठी स्वतंत्र वर्ग सुरू केला. पहिल्याच वर्षी त्यात पामर आणि ब्लेन होते. २००३ मध्ये बेंजामिन आले. मान मिळाला, पण 'साथीदार' या वेगळ्या दारातून. पुढच्या वेळी थोर ड्रमवादकांची यादी निघेल, तेव्हा बॉनम आणि मून यांना हलवण्याचे कारण नाही. त्यांच्या आधी पामर यांचे नाव घ्यावे, आणि 'अमेन, ब्रदर'मधले ते सात सेकंद ऐकताना ग्रेगरी कोलमन हे नाव मोठ्याने उच्चारावे.