पायाला बांधलेली चिठ्ठी

किहीम, जि. रायगड

ती. नानांना साष्टांग नमस्कार.

शास्त्रज्ञाने शास्त्र लिहावं. त्याची भटकंती, त्याने काढलेले प्राण्यांचे फोटो आणि घराण्याची हकीकत ही सगळी उतारवयातली हौस, असं तुमचं ठाम मत. आत्मचरित्रांतली तसली पानं तुम्ही भराभर उलटता. ते मत खोडायला किहीमइतकी सोयीची जागा नाही. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली १९३० साली जर्मनीहून परतले तेव्हा मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांअभावी रद्द झाली होती, आणि ते पत्नी तेहमिना यांच्यासह इथे येऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. तिथे रोज दडून बसून त्यांनी जे टिपलं, त्यातून कळलं की नर अर्धवट घरटं विणून थांबतो, मादी ते पाहून पसंत करते, मगच तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो. या शोधासाठी प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती वही, आणि रोज त्याच जागी, त्याच वेळी बसण्याचा चिवटपणा.

आता घराण्याकडे येतो. सलीम अली तीन वर्षांचे व्हायच्या सुमारास पोरके झाले आणि आजोळी, तय्यबजी कुळात, मामा अमिरुद्दीन यांच्याकडे वाढले. या कुळात ‘अख़बार की किताब’ नावाच्या वह्या ठेवण्याचा रिवाज होता. कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी पडलं, पाऊस कधी लागला, हे घरातल्या कुणीही त्यात लिहावं आणि बाकीच्यांनी वाचावं. खाजगी रोजनिशीत माणूस स्वतःशी बोलतो. इथे लिहिलेलं दुसरा तपासणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. शास्त्राच्या नोंदवहीचा नियम तरी याहून काय वेगळा असतो? यावर तुम्ही म्हणाल, वह्या लिहिणारी घराणी पुष्कळ, त्यांतून पक्षिशास्त्रज्ञ किती निघाले? बरोबर आहे. वह्यांनी सलीम अली घडवले असं माझं म्हणणं नाही. घराण्याची बखर आणि पक्ष्यांची वही एकाच कसोटीला उतरावी लागतात, एवढंच म्हणतो: कुठे, कधी, कुणी पाहिलं.

घरच्या ओळखींनी वाट सोपी झाली, हा आक्षेप मात्र खरा आहे. हवाई बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन छोटा सलीम १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांपुढे उभा राहू शकला, कारण मामा सोसायटीचे सभासद होते. दुसऱ्या कुणाच्या भाच्यासाठी ते दार उघडलं असतं का, याची शंकाच आहे. पण म्हणूनच घराण्याची पानं वगळू नयेत. ती वगळली की दार आपोआप उघडलं असा समज होतो, आणि तो शास्त्राच्या इतिहासातला खोटेपणा ठरतो.


शहादा, जि. नंदुरबार

ती. नानांना सा. न.

आत्मचरित्रात माणूस स्वतःला सजवतो, हा तुमचा दुसरा मुद्दा. सलीम अलींच्या सोबत्यांपैकी एक होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. १९३७ची अफगाणिस्तानची सफर दोघांनी मिळून केली. कर्नलांनी आपल्या रोजनिशीत या सोबत्याविषयी बरीच जहरी वाक्यं लिहून ठेवली. ती वाक्यं १९८५च्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्रात सलीम अलींनी स्वतःच छापली आहेत. सजवणारा माणूस असं करत नाही.

कर्नलांचं कर्तृत्व मात्र वेगळंच निघालं, आणि त्याचा संबंध शहाद्याशी आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली शास्त्रात नोंदवलं. त्याचे जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने, आणि त्यांतले काही खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने मिळवलेले. संग्रहालयात पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधतात. तीवर गाव, तारीख आणि नमुना मिळवणाऱ्याचं नाव. माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातल्या रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर होतं: मांडवी, गुजरात, १९१४. म्हणजे हा पक्षी विसाव्या शतकात, तापीच्या खालच्या अंगाला जिवंत होता, असं सगळे धरून चालले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना एक्स-रेखाली तपासला, कातड्यात भरलेला कापूस आणि शिवण पाहिली, आणि निघालं ते असं की पक्षी डेव्हिडसनचा होता. तो लंडनच्या संग्रहातून उचलून, वरवर नव्याने भरून, त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. ते १९१४ साल गळून पडलं आणि शेवटची खरी नोंद १८८४ची उरली.

पुढचा भाग तुमच्यासारख्या हिशेबी माणसासाठी आहे. ती खोटी चिठ्ठी दूर सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या रानात आले आणि त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! या वेळी कुणी बंदूक चालवली नाही. फोटो आणि व्हिडिओ एवढा पुरावा पुरला. छायाचित्र ही हौस आहे असं म्हणताना हे ध्यानात घ्यायला हवं. फोटोंमध्येही लबाडी चालतेच: पिंजऱ्यातला प्राणी रानातला म्हणून दाखवतात, घरट्याभोवतीच्या फांद्या छाटून पिलं उघडी पाडतात. पण लबाडीची सोय फोटोबरोबर आलेली नाही. ती कापसाने भरलेल्या कातड्यातही होती. फरक पडतो तो चिठ्ठीने. जागा आणि तारीख नसलेला वाघाचा देखणा फोटो कॅलेंडरच्या कामाचा; अंधूक, तिरका, पण तारीख-वेळ उमटलेला बिबट्याचा फोटो मोजणीच्या कामाचा. आपल्या मुलुंडच्या डोंगरामागे, राष्ट्रीय उद्यानात, बिबटे असेच मोजतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधायचे, कारण एकाच बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात. दोन्ही कुशी मिळाल्या की एकच बिबट्या दोनदा मोजला जात नाही.

राहता राहिला प्रवास. रासमुसेन यांना खोटं उमगलं ते संग्रहालयाच्या खोलीत, हे मान्य. पण खरं काय ते सापडायला शहाद्यालाच यावं लागलं.


तानसा, जि. ठाणे

ती. नानांना सा. न.

परतीच्या वाटेवरून थोडक्यात लिहितो. २०१४ साली रानपिंगळा इथे, तानसा अभयारण्यातही सापडला. मुलुंडवरून जी जलवाहिनी जाते तिचं पाणी याच तलावाचं. मुंबईच्या इतक्या जवळ, पक्षिनिरीक्षकांच्या इतक्या पिढ्या होऊन गेल्या, तरी तो कुणाच्या यादीत आला नव्हता. पुस्तकांनी त्याला सातपुड्यात बसवलं होतं, आणि साधा पिंगळा समजून त्याच्यावरून नजर फिरत राहिली असेल, असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच लिहितो. याची चिठ्ठी माझ्याकडे नाही.

एक विनंती. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या वेळचे फोटो आहेत. जवळजवळ सगळ्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. फोटोतली माणसं ओळखणारे आता घरात तुम्ही एकटेच. पाठीवर गाव, साल आणि नावं लिहून ठेवा. पेन्सिलनेच लिहा, शाई पुढच्या बाजूला उतरते. आणि जिथे खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह द्यायला लाजू नका.

घरी सर्वांना यथायोग्य सांगावे.