रामदासपेठेतला वंशवृक्ष

नागपूरला येणारा पाहुणा सीताबर्डीचा किल्ला पाहतो, महाराजबागेत चक्कर टाकतो आणि संत्र्यांची करंडी घेऊन परततो. रामदासपेठ पाहायला म्हणून कोणी येत नाही. इथे माणसे येतात ती एक्स-रेचे पाकीट बगलेत मारून. एकेकाळच्या बंगल्यांच्या या वस्तीत आता जिकडेतिकडे डॉक्टरांच्या पाट्या, आणि पाट्यांखाली गडचिरोली-गोंदियापासून पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतची बिऱ्हाडे डबे सोडून बसलेली.

अशाच एका दवाखान्यात मी वंशावळ तयार होताना पाहिली. सून आणि नात यांना घेऊन आलेल्या आजोबांनी बाप, आजा, पणजा अशी पाच नावे घडाघडा म्हटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, हे झालं. आता पोरीच्या आईचं माहेर सांगा."

"ते तिलेच विचारा, बाई," आजोबा म्हणाले. सून खाली मान घालून बसली होती. पोरीचे दुखणे माहेरून आले, असा घरात तिच्यावर ठपका असावा.

आपल्या वंशावळी बहुधा पुरुषांच्याच. मुलगी सासरी गेली की तिची रेघ तुटली. अडचण पडली म्हणजे मात्र ती आठवते. नागपूरकर भोसल्यांचेच पाहा ना! १८१८ मध्ये आप्पासाहेब पदच्युत झाले, तेव्हा गादीवर आले ते दुसऱ्या रघूजींच्या मुलीचे चिरंजीव. तेच तिसरे रघूजी. ते १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी राज्य खालसा झाले.

डॉक्टरांच्या वंशवृक्षाला असला पंक्तिप्रपंच चालत नाही. पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ. आजारी माणसाची खूण पूर्ण भरलेली, नुसत्या वाहकाची अर्धी. नात्यातल्या लग्नाला जोडरेघ. मामाची मुलगी करण्याची आपली हौस या कागदावर अशी दुहेरी उमटते!

त्या पोरीचे दुखणे सिकलसेलचे होते. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य ठणकतात. पूर्व विदर्भात हा दोष पुष्कळ. वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून तापाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मध्य भारतातील या दोषावरचा लेख १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये आला होता. देशव्यापी निर्मूलन मोहीम निघायला २०२३ उजाडले. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक. बाईंनी कागदावर आईचे वर्तुळ अर्धे भरले आणि बापाचा चौकोनही अर्धाच भरला. आजोबा त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत राहिले. सुनेने मान वर केली.

पुढे मी बी.ए.च्या वर्गात मुलांना सहज विचारले, "आईच्या आईच्या आईचे नाव काय?" पत्रिकेचे छत्तीस गुण ठाऊक असलेल्या घरांतली ही मुले, पण नाव आले चौघांना. एका मुलीने व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. नाव मिळाले, शिवाय ती बाई तिशीतच 'हाडे दुखून' गेली, हेही कळले. मुलीचे लग्न ठरत होते. तिला मी रामदासपेठेचा पत्ता दिला नाही. रक्ताची ही तपासणी मेडिकलमध्ये होते. तिकडेच जायला सांगितले, आणि जमल्यास त्या मुलालाही बरोबर ने म्हटले.