दादांची गाडी

सोलापूरचा वैशाख ज्यांनीं भोगला आहे त्यांस त्याचें वर्णन नको, आणि ज्यांनीं भोगला नाहीं त्यांस तें सांगून कळावयाचें नाहीं. पारा ४२-४३ अंशांवर ठाण मांडून बसतो, दुपारीं डांबरी रस्त्यावरची हवा थरथरतांना दिसते, आणि दाराची लोखंडी कडीसुद्धां हाताला चटका देते. अशा गांवांत आमच्या एकत्र कुटुंबाची एक म्हातारी मोटार आहे. आमचे थोरले बंधु दादा यांनीं ती २००८ सालीं घेतली. उंच, सात माणसें बसतील अशी, हल्लीं जिला एसयूव्ही म्हणतात त्या जातीची. दादा गेले, गाडी राहिली. घरांत तिला अजूनहि कोणी ‘आपली गाडी’ म्हणत नाहीं, ‘दादांची गाडी’ असेंच म्हणतात.

गेलीं तीन वर्षें मार्च उलटला कीं तिच्या एसीची हवा कोमट येऊं लागे. आम्हीं गाडी दुरुस्तीस न्यावी, तेथील गृहस्थानें ‘गॅस संपलाय’ म्हणून तो भरून द्यावा, आणि आम्हीं पैसे मोजून समाधानानें घरीं यावें, असा क्रम पडून गेला होता. पावसाळा आला कीं तक्रार आपोआप विसरली जाई. कांचांची तऱ्हा याहून विचित्र होती. त्या विजेवर चालणाऱ्या. चालकाच्या दारावरील बटणें दाबलीं तर कधीं चारी कांचा मुकाट्यानें उतरत, कधीं एकहि हालत नसे, आणि दार एकदां जोरानें आपटलें कीं पुन्हां सर्व सुरळीत होई. आमच्या पुतण्यानें दोनदां सुचविलें, “काका, कांचांचें काम करून घेऊं या.” त्यावर आमचें उत्तर ठरलेलें, “अरे, एसी आहे ना! कांच उघडून धूळच आंत घ्यायची.” आणि एसी कोमट वाहूं लागला म्हणजे आम्हीच म्हणत असूं, “असूं दे, कांच खालीं कर.” एका दोषाची सबब आम्हीं दुसऱ्यास दिली होती. दोन्ही एकाच दिवशीं दगा देतील हें आमच्या ध्यानींमनींहि आलें नाहीं.

२०२४ च्या मे महिन्यांत आम्ही कुलदेवतेच्या दर्शनास तुळजापुरास गेलों. दर्शन झालें, परंतु पायऱ्या चढून येतांना वहिनींचे पाय भरून आले. त्यांचें वय शहात्तर. आम्हीं त्यांस गाडींत मधल्या आसनावर बसविलें, एंजिन व एसी चालू ठेवला, आणि “प्रसाद व पाणी घेऊन पांच मिनिटांत येतों” असें सांगून सर्वजण निघालों. त्या दिवशीं गर्दी फार होती. पांचाचीं पंचवीस मिनिटें झालीं. गाडी उन्हांत उभी होती. नातवंडांनीं चालत्या गाडींत दार उघडूं नये म्हणून मागच्या दारांस चाइल्ड लॉक लावलेलें होतें, म्हणजे तीं आंतून उघडत नव्हतीं. आणि आसनांमधून वांकून पुढील दारापर्यंत जाणें वहिनींच्या गुडघ्यांस शक्य नव्हतें.

आम्ही परतलों तेव्हां त्यांचा तळहात कांचेवर टेकलेला होता. चेहरा लालबुंद, पदर घामानें चिंब, डोळे अर्धवट मिटलेले. एसीच्या झरोक्यांतून भट्टीसारखी हवा येत होती. दार उघडतांच त्या एवढेंच म्हणाल्या, “भावजी, कांच उघडेना हो.”

तेथील एका डॉक्टरांनीं सलाईन लावलें. संध्याकाळपर्यंत त्या सावरल्या आणि रात्रीं आम्ही घरीं आलों. पण तें वाक्य आमच्या कानांतून कित्येक रात्री गेलें नाहीं. बंद मोटार उन्हांत राहिली तर अर्ध्या तासांत आंतील उष्णता बाहेरच्यापेक्षां पंधरा-वीस अंशांनीं चढते, हें आम्हीं पूर्वीं वाचलेलेंच होतें. वाचलेलें वेळेवर आठवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं घरांत सर्वांचें एकमत झालें कीं गाडी विकून टाकावी. विरुद्ध मत एकट्या वहिनींचें. त्या म्हणाल्या, “विकायची तर विका, पण बिघडली म्हणून नको. ह्यांचे गुडघे बिघडले तेव्हां आपण कांहीं ह्यांना विकलें नव्हतें.” यावर कोण काय बोलणार!

मग पुतण्यानें विजापूर रस्त्यावरील एक वृद्ध मिस्त्री शोधून काढला. आम्हीं सवयीनें म्हटलें, “गॅस संपलाय, भरून द्या.” मिस्त्रीनें आमच्याकडे जरा दयेनेंच पाहिलें. “साहेब, गॅस काय रॉकेल हाय व्हय, जळून संपायला? बंद नळींत फिरतंय ते. कमी झालं म्हंजे कुठनं तरी गळतंय.” तीन वर्षांत ही गोष्ट आम्हांस कोणी सांगितली नव्हती, आणि आम्हींहि विचारली नव्हती.

त्याची तपासण्याची रीत पाहण्यासारखी होती. प्रथम बॉनेट उघडून त्यानें नुसतें कान देऊन ऐकलें. एसी लावतांच कॉम्प्रेसरचा ‘टक्’ असा आवाज यावयास हवा. तो येऊन लागलीच बंद पडत होता. नळींतील दाब उतरला म्हणजे कॉम्प्रेसर जळूं नये म्हणून एक स्विच त्यास थांबवितो, असें त्यानें सांगितलें. धांवतांना थंड आणि उभें राहिलें कीं गरम अशी तक्रार असती तर त्यानें आधीं कंडेन्सर व त्याचा पंखा पाहिला असता. हवाच कमी येत असती, तर आंतली गाळणी. मग त्यानें नळ्यांत दाबानें नायट्रोजन भरला व साबणाचें पाणी घेऊन सांध्यासांध्यास लावीत सुटला. पुढें कोठेंच बुडबुडा नाहीं. शेवटीं तो गाडीखालीं शिरला. मागच्या आसनांसाठीं जो वेगळा एसी असतो त्याच्या नळ्या तळाखालून मागें जातात. सोळा वर्षांच्या चिखलानें व खड्यांनीं त्यांतली एक कुजून तीवर तेलकट डाग पडला होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचें तेलहि फिरतें, तेव्हां गळतीच्या जागीं धूळ चिकटून असा डाग पडतो. तेथें साबण लावतांच मोहरीएवढे बुडबुडे येऊं लागले.

नळी बदलीपर्यंत बसून राहणें भाग होतें. बोलतां बोलतां कळलें कीं मिस्त्रीचे वडील गिरणींत साच्यावर होते. सोलापूरची जुनी गिरण १८७७ सालीं सुरू झाली. कोरड्या हवेंत धागा तुटतो म्हणून गिरण्यांतून हवेंत पाणी फवारून ओलावा राखीत. गंमत अशी कीं ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच मुळीं सूतगिरण्यांनीं जगास दिला. अमेरिकेंतील स्टुअर्ट क्रेमर नांवाच्या गिरणी-इंजिनियरानें तो १९०६ सालीं प्रथम वापरला, आणि तोहि धाग्यासाठीं. मिस्त्रीस हें सांगितलें तेव्हां तो म्हणाला, “मग आमच्या बापाला एसीतच नोकरी होती म्हणा की!” आणि मनमुराद हंसला.

नवी नळी बसल्यावर त्यानें गॅस लागलीच भरला नाहीं. पंप लावून अर्धा तास आंतली हवा व दमटपणा ओढून काढला, कारण पाण्याचा अंश राहिला तर तो आंतील बारीक झडपेंत गोठून वाट अडवितो. मग बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर जेवढें वजन लिहिलें होतें तेवढाच गॅस कांट्यावर तोलून भरला. ‘थोडा जास्त घाला’ ही आमची विनंति त्यानें साफ नाकारली.

कांचांस त्याला दहा मिनिटेंहि लागलीं नाहींत. एकच कांच हट्ट करीत असेल तर दोष त्या दाराच्या मोटरींत किंवा बटणांत. मोटरीचा आवाज येऊन कांच हालत नसेल तर आंतली तार तुटलेली. पण चारी एकदम रुसत असतील तर आधीं फ्यूज आणि मग चालकाचें दार पाहावें, असें त्याचें म्हणणें. दार आणि गाडी यांमधील रबरी नळी त्यानें मागें सारली. आंतील काळी वायर हजारों वेळां दार उघडझांक होऊन आवरणाच्या आंत तुटली होती. वरून धडधाकट दिसे, ओढतांच निराळी झाली. या गाडींत चारी कांचांची वीज त्याच वायरीनें परतत असे. दार आपटलें कीं तुटलेलीं टोकें क्षणभर भेटत, एवढाच त्या चमत्काराचा अर्थ. कांचेच्या खांचेंतील सुकलेल्या रबरास त्यानें सिलिकॉनचा फवारा दिला, आणि “तेल घालूं नका, धूळ धरतंय” असें बजावलें.

चाइल्ड लॉक त्याच दिवशीं आम्हीं स्वतः काढलें. नातवंडें आतां मधोमध बसतात आणि त्याबद्दल रोज भांडतात.

यंदाच्या एप्रिलांत आम्ही अक्कलकोटास गेलों. गॅस न भरतां आलेला हा पहिला उन्हाळा. हवा चांगली गार येत होती. वहिनी खिडकीशीं बसल्या होत्या. गांव सुटतांच त्यांनीं बटण दाबून कांच खालीं केली, पुन्हां वर घेतली, पुन्हां खालीं केली. कुंभारी येईपर्यंत असें पांच-सहा वेळां झालें. धूळ आंत आली, थंड हवा बाहेर गेली. गाडींत कोणीं कांहीं म्हटलें नाहीं.